पेश्टिगोची आग : मदत लवकर आली, शहाणपण उशिरा

८ ऑक्टोबर १८७१, रविवार. या दिवसाचे नाव काढले की अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत एकच शहर येते, शिकागो. त्या रात्री शिकागोत लागलेल्या आगीत सुमारे ३०० माणसे मेली, १७,००० हून अधिक इमारती जळाल्या आणि एक लाख लोक बेघर झाले. त्या आगीची वर्णने जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली.

त्याच रात्री, जवळजवळ त्याच वेळी, शिकागोच्या उत्तरेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर विस्कॉन्सिन राज्यातले पेश्टिगो नावाचे एक लहान गाव वणव्यात सापडले. तासाभरात गाव नाहीसे झाले. गाव आणि आसपासच्या वस्त्या मिळून किमान १,२०० माणसे मेली, काही अंदाजांनुसार हा आकडा २,००० च्याही पुढे जातो. सुमारे १२ लाख एकर, म्हणजे गोवा राज्याच्या क्षेत्रफळाहून मोठा प्रदेश जळून गेला. नोंद असलेल्या वणव्यांमध्ये इतकी माणसे दुसऱ्या कोणत्याही वणव्याने घेतलेली नाहीत. तरीही पेश्टिगोचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते.

या आगीकडे केवळ एक भयंकर घटना म्हणून पाहिले तर हळहळण्यापलीकडे हाती काही लागत नाही. पण आगीच्या आधी, आगीच्या वेळी आणि आगीनंतर लोक कसे वागले, हे तीन प्रश्न विचारले तर तिच्यापासून बरेच शिकता येते.

लाकडावर उभे असलेले गाव

पेश्टिगो नदी ग्रीन बे नावाच्या आखाताला मिळते आणि हे आखात मिशिगन सरोवराचा भाग आहे. नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या या गावाची वस्ती १८७१ मध्ये सुमारे १,७०० होती. भोवती पाइनचे घनदाट जंगल होते आणि गावाचा सारा व्यवहार त्या जंगलावर चालत असे. शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांच्या कंपनीची लाकूड कापण्याची गिरणी येथे होती. लाकडी बादल्या, टब, झाडूचे दांडे, छपराच्या फळ्या बनवणारा मोठा कारखानाही होता. कामगारांत युरोपातून नुकतेच आलेले लोक बरेच होते. आसपासच्या ‘शुगर बुश’ नावाच्या वस्त्यांत जंगल तोडून नवी शेते तयार करणारी कुटुंबे राहत होती.

घरे लाकडाची, छपरे लाकडाची, पदपथ लाकडाचे, नदीवरचा पूल लाकडाचा. गिरणीतून निघणारा भुसा रस्त्यांवर पसरलेला असे. जंगलात लाकूडतोड्ये सरळ खोड तेवढे नेत. शेंडे, फांद्या, साली तिथेच पडून राहत. शेतकरी नवी जमीन मोकळी करताना तोडलेली झाडे ढीग करून पेटवीत. आपल्या कोकणात राब भाजतात, तशी ही त्यांची नित्याची रीत होती. त्याच वर्षी उत्तरेकडे नवा लोहमार्ग टाकण्याचे काम सुरू होते. मार्गासाठी तोडलेली झाडे आणि झुडपेही कामगार जाळून टाकत.

आग हे त्या समाजाचे एक रोजचे अवजार होते, हे लक्षात घेतले पाहिजे. कोणी दुष्टपणाने जंगल पेटवले नव्हते.

सूचना मिळाल्या होत्या

त्या वर्षी उन्हाळ्यापासून पाऊस जवळजवळ पडला नाही. दलदली सुकल्या, विहिरींचे पाणी खाली गेले. जंगलाच्या जमिनीवर साचलेला पालापाचोळा आणि त्याखालचा सेंद्रिय मातीचा थरही इतका वाळला की तो आतल्या आत धुमसू लागला. सप्टेंबरमध्ये जागोजाग लहान वणवे लागले. आखातावर धुराचा पडदा इतका दाट होता की बोटींना किनारा दिसेना.

या काळाचे उत्तम वर्णन फादर पीटर पर्निन या फ्रेंच धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. पेश्टिगो आणि शेजारचे मॅरिनेट ही दोन्ही गावे त्यांच्याकडे होती. आगीनंतर तीन वर्षांनी, १८७४ मध्ये त्यांची आठवणींची पुस्तिका मॉन्ट्रियल येथे छापली गेली. सप्टेंबरमध्ये एका मुलाबरोबर जंगलात गेले असता ते दोघे वाट चुकले आणि आगीने वेढले गेले. शुगर बुशमधल्या शेतकऱ्यांनी त्यांच्या हाका ऐकल्या आणि झाडांच्या फांद्यांनी आग झोडपत वाट काढून त्यांना बाहेर आणले. लोक एकमेकांसाठी धावून जात होते, धाडसाची उणीव नव्हती, हे यावरून दिसते.

सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आग पेश्टिगोच्या अगदी जवळ आली. कामगारांनी आणि गावकऱ्यांनी मिळून तिला थोपवले. इमारतींवर ओली घोंगडी टाकली. कंपनीने गावाभोवती ठिकठिकाणी पाण्याने भरलेली मोठी पिंपे ठेवली. वारा बदलला आणि संकट टळले. त्यानंतर लोकांना वाटू लागले, की आता जवळपासचे जे जळायचे होते ते जळून गेले आणि धोका संपला.

आणखी एक सूचना चार वर्षे आधीच मिळाली होती. मिलवॉकीचे इन्क्रीझ लॅफम हे निसर्गाचे जाणकार अभ्यासक. जंगलतोडीचे परिणाम तपासण्यासाठी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने नेमलेल्या समितीचा अहवाल १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो प्रामुख्याने लॅफम यांनी लिहिलेला होता. जंगले या वेगाने तोडली तर जमीन, पाणी आणि हवामान यांवर काय परिणाम होतील, हे त्यात मांडले होते. त्या अहवालावर फारसे काही झाले नाही. लाकडाला मागणी होती, शिकागोसारखी शहरे वाढत होती आणि जंगल तर न संपणारे वाटत होते.

ती रात्र

८ ऑक्टोबरला पश्चिमेकडच्या मैदानी प्रदेशावरून एक तीव्र कमी दाबाचा पट्टा सरकत होता. त्याच्या पुढच्या बाजूला नैर्ऋत्येकडून उष्ण, कोरडा आणि जोराचा वारा सुटला. इथेतिथे धुमसणाऱ्या शेकडो आगी या वाऱ्याने एकत्र आणल्या. रात्री नऊच्या सुमारास गावकऱ्यांना दुरून एक घरघर ऐकू येऊ लागली. थोड्याच वेळात ठिणग्या आणि पेटलेल्या ढलप्या आकाशातून पडू लागल्या. ओली घोंगडी आणि पिंपे यांचा काही उपयोग झाला नाही.

या वेळी लोकांनी काय केले? पर्निन सांगतात, की नदीच्या पूर्वेकडचे लोक पश्चिमेला धावले आणि पश्चिमेकडचे पूर्वेला. पलीकडे सुरक्षित असेल असे दोघांनाही वाटले. माणसे, गाड्या, गुरे पुलावर समोरासमोर आली आणि कोंडी झाली, पूलही पेटला. काही जण कंपनीच्या मोठ्या लाकडी वसतिगृहात शिरले, त्यांतले कोणी वाचले नाही. आसपासच्या वस्त्यांत काही जण विहिरींत उतरले, पण धुराने आणि श्वास कोंडल्याने त्यांतले बरेच मेले. नदीत शिरलेले लोक मात्र बऱ्याच संख्येने वाचले.

नदीकाठी पर्निन यांना एक चमत्कारिक दृश्य दिसले. अनेक माणसे काठावर नुसती उभी होती, डोळे विस्फारून, न हलता. पर्निन यांनी त्यांना धक्के देऊन पाण्यात ढकलले. ढकललेल्यांपैकी एक जण आपण भिजलो अशी तक्रार करीत परत काठावर आला! अति भयाने माणसाची विचारशक्ती कशी थांबते याचे हे उदाहरण आहे. पुढे रात्री दहापासून पहाटे साडेतीनपर्यंत लोक गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते. डोके वर काढले की ज्वाळा केसांना भिडत, म्हणून ते डोक्यावर ओले कपडे घेत आणि हातांनी सतत पाणी उडवत राहत. आग ओसरली तेव्हा तेच लोक थंडीने कुडकुडत होते. काही जण नदीतच बुडून वा गारठून मेले.

आग इतकी भयंकर का झाली?

वर्गात हा प्रश्न विचारला तर ‘वारा होता म्हणून’ असे उत्तर येईल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे.

पहिले कारण म्हणजे जळणाचा आकार. दहा सेंटिमीटर बाजू असलेल्या लाकडाच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असते. तोच ठोकळा एक मिलिमीटर बाजूच्या घनांत कापला तर दहा लाख तुकडे होतील आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंभरपट होईल. लाकूड तेवढेच, पण हवेशी संपर्क शंभरपट. म्हणूनच ओंडका काडीने पेटत नाही आणि वाळलेला भुसा लगेच पेटतो. उभे हिरवे जंगल म्हणजे ओंडका आणि तोडीनंतर उरलेले शेंडे, ढलप्या, भुसा म्हणजे लाखो काड्या. माणसाने जंगलाचे रूपांतर काड्यांत केले होते.

दुसरे कारण म्हणजे आगीने स्वतःचा वारा निर्माण केला. विस्तीर्ण क्षेत्र एकाच वेळी पेटले की वरची तापलेली हवा हलकी होऊन प्रचंड वेगाने वर जाते. तिची जागा घेण्यासाठी चोहीकडून हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर नवा ऑक्सिजन येतो आणि आग आणखी भडकते. या हवेला भोवऱ्यासारखी गती मिळाली तर आगीची वावटळ तयार होते. पेश्टिगोत घरांची छपरे उडाली, मोठी झाडे मुळासकट उपटली गेली. पेटलेले तुकडे वर फेकले जाऊन कितीतरी पुढे पडले आणि तिथे नव्या आगी लागल्या. अशा आगीला आज ‘अग्निवादळ’ म्हणतात.

आणि नदी? पाणी तापायला खूप उष्णता लागते, म्हणून भोवती सारे पेटलेले असतानाही नदी थंड राहिली. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ऑक्टोबरच्या त्या पाण्यात साडेपाच तास उभ्या असलेल्यांच्या शरीराची ऊब निघून गेली. ज्या गुणांमुळे पाण्याने वाचवले, त्याच गुणांमुळे काहींचा जीवही घेतला.

दुसऱ्या दिवसापासून

सकाळी उरलेल्या माणसांना गाव दिसले नाही. पेश्टिगोतले सुमारे निम्मे लोक मेले होते. शेजारच्या मॅरिनेटचा बराच भाग वाचला होता. तिथल्या लोकांनी एका हॉटेलाचे रुग्णालय केले आणि जखमींना तिथे नेले. बाहेर कळवायचे कसे हा प्रश्न होता, कारण जंगलातून गेलेल्या तारा जळल्या होत्या. बातमी बोटीने ग्रीन बे शहरापर्यंत गेली आणि तिथून तारेने राजधानी मॅडिसनला पोचली. तोवर १० ऑक्टोबर उजाडला होता.

मॅडिसनमध्ये गव्हर्नर ल्युसिअस फेअरचाइल्ड नव्हते. ते आणि इतर अधिकारी शिकागोच्या मदतीला गेले होते. तार त्यांच्या पत्नी फ्रान्सिस फेअरचाइल्ड यांच्या हाती पडली. त्यांचे वय तेव्हा जेमतेम चोवीस-पंचवीस होते आणि त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. शिकागोला जाण्यासाठी सामानाने भरलेला रेल्वेचा एक डबा स्थानकात उभा होता. त्यांनी तो थेट उत्तरेकडे वळवायला लावला. डब्यात घोंगडी नाहीत हे लक्षात येताच शहरातल्या बायकांना घरोघरची घोंगडी आणि रजया आणायला सांगितले. गाडी निघाल्यावर त्यांनी राज्यभर मदतीचे आवाहन केले. गव्हर्नर परतल्यावर ग्रीन बे आणि मिलवॉकी येथील समित्यांमार्फत अन्न, कपडे, अवजारे आणि पैसा पाठवण्याची व्यवस्था लागली. सैन्याच्या कोठारांतूनही शिधा आणि घोंगडी आली.

मदतीइतकेच कठीण काम मेलेल्यांचे होते. कित्येक घरांतले एकही माणूस उरले नव्हते, त्यामुळे ओळख पटवणार कोण? सुमारे ३५० जणांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरावे लागले. गावाचे कागदपत्र जळालेले, लाकूडतोड्ये आणि लोहमार्गाचे मजूर तर कुठेच नोंदलेले नव्हते. १८७३ मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात मृत आणि बेपत्ता अशा १,१८२ जणांची यादी आहे. नेमके किती मेले हे आजही सांगता येत नाही, याचे कारण हेच. ज्यांची नोंद जिवंतपणी नव्हती त्यांची मेल्यावरही झाली नाही.

लोकांनी पुन्हा घरे बांधली. ऑग्डेन यांनी गिरणीचे काम पुन्हा सुरू करायला लावले. बादल्या-टबांचा तो मोठा कारखाना मात्र परत उभा राहिला नाही.

कारणांचा शोध

संकटानंतर माणूस कारण शोधतोच. पर्निन यांना आगीत ईश्वराचा हात दिसला. इतरांनी आकाशात कारण शोधले. शिकागो, पेश्टिगो आणि मिशिगन राज्यातली काही गावे एकाच रात्री कशी पेटली? १८८३ मध्ये इग्नेशियस डोनेली या लेखकाने तर्क मांडला, की बिएला नावाच्या फुटलेल्या धूमकेतूचे तुकडे त्या रात्री पृथ्वीवर पडले असावेत. ही कल्पना आजही अधूनमधून डोके वर काढते.

पण अवकाशातून येणारे लहान दगड वातावरणातून येताना फक्त बाहेरच्या पातळ थरात तापतात. तो थर वाटेतच झडून जातो, आतला दगड अवकाशातल्यासारखा थंडच राहतो आणि शेवटचे काही किलोमीटर तो साध्या दगडासारखा खाली पडतो. अशा दगडाने जंगल पेटत नाही. शिवाय या तर्काची गरजच नाही. तिन्ही ठिकाणी एकच अवर्षण होते, तिन्ही ठिकाणांवरून एकच वारा वाहत होता आणि आगी तर आठवडाभर आधीपासून धुमसत होत्या. त्या दिवसाचे हवामान आपल्याला कळते, कारण आदल्याच वर्षी, १८७० मध्ये, अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागाने देशभर हवामानाच्या नोंदी तारेने गोळा करायला सुरुवात केली होती. ही व्यवस्था सुरू व्हावी म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांत तेच लॅफम आघाडीवर होते.

धडा कधी शिकला गेला?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मदत दोन दिवसांत निघाली. शहाणपण यायला किती वेळ लागला?

लाकूडतोड पूर्वीसारखीच चालू राहिली, शेंडे आणि फांद्याही पूर्वीसारख्याच पडून राहिल्या. ५ सप्टेंबर १८८१ रोजी मिशिगनच्या ‘थम्ब’ नावाच्या भागात वणवा लागून २८२ माणसे मेली. १८७१ च्या आगीत मेलेली, वाळून उभी असलेली झाडे हे या वणव्याचे मोठे जळण होते. १ सप्टेंबर १८९४ रोजी मिनेसोटातले हिंक्ले गाव जळाले, त्यात ४१८ मृत्यूंची नोंद झाली. १२ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याच राज्यात क्लोके आणि आसपासच्या वस्त्या जळाल्या, ४५३ माणसे गेली. अवर्षण, तोडीचा कचरा, लोहमार्ग, जोराचा वारा : सारे पुन्हा तेच.

तरी काहीच शिकले गेले नाही असेही नाही. क्लारा बार्टन यांनी १८८१ च्या मे महिन्यात स्थापन केलेल्या अमेरिकन रेड क्रॉसचे पहिले आपत्तिनिवारण थम्बच्या वणव्यातच झाले. म्हणजे मदतीला कायमची संघटना मिळाली. हिंक्लेनंतर १८९५ मध्ये मिनेसोटाने वणव्यांसाठी मुख्य अग्निरक्षक नेमला. १९११ च्या ‘वीक्स कायद्या’ने केंद्र सरकार आणि राज्ये मिळून वणवे रोखण्याचे काम करू लागली. पेश्टिगोपासून मोजले तर याला चाळीस वर्षे लागली. तोवर त्या भागातले मूळचे पाइन बहुतेक तोडून झाले होते.

आणि वेगळा मार्ग त्या काळी माहीतच नव्हता असे नाही. पेश्टिगोच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आत मेनोमिनी या मूळनिवासी लोकांचा राखीव प्रदेश आहे. तो १८५४ च्या करारानंतर त्यांच्याकडे उरला. मोठी आणि दुर्बल झाडे काढायची, बाकीची वाढू द्यायची, जंगल वाढेल तेवढेच तोडायचे, अशी त्यांची रीत. त्या जंगलातून दीडशे वर्षांहून अधिक काळ लाकूड निघत आहे आणि तरीही ते जंगल उभे आहे.

पेश्टिगोने आपली आठवण जपली आहे. सामुदायिक थडग्यापाशी १९५१ मध्ये राज्याने ऐतिहासिक फलक लावला आणि १९६३ पासून एका जुन्या चर्चच्या इमारतीत आगीचे संग्रहालय आहे. अमेरिकेत दरवर्षी ९ ऑक्टोबरच्या आसपास ‘अग्निप्रतिबंध सप्ताह’ पाळला जातो, तो मात्र शिकागोच्या आगीच्या स्मरणार्थ.

हा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना मृतांचे आकडे पाठ करायला लावण्याची गरज नाही. त्यांना एक काम देता येईल. आपल्या गावाजवळच्या डोंगरावर वा माळावर उन्हाळ्यात वणवा लागतो का? तो कोण लावते आणि कशासाठी? वनखाते जाळरेषा केव्हा काढते? वणवा आलाच तर गावातली माणसे कोणत्या वाटेने कुठे जातील? हे गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी लिहून काढावे. पेश्टिगोच्या पुलावर समोरासमोर आलेल्या माणसांना एवढे एक शेवटचे उत्तर ठाऊक असते, तर त्यांतली कितीतरी माणसे वाचली असती.